मागची काच

४ मार्च

काम हातात घेतलं की रोज चार ओळी लिहून ठेवायच्या, ही सवय मला लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीत लागली. नोकरी संपली, सवय राहिली, पण लिहिण्यासारखं काम उरलं नव्हतं. आजपासून आहे. गाडीच्या टपाला मागची काच बसवायची.

गाडी माझ्या लग्नाच्या आधीची, दोन माणसांची. ही तिला डबडं म्हणते आणि आईचं ऐकून लेकही डबडंच म्हणते, कारण लहानपणी तिला दोन सीटच्या मागच्या फळीवर अंग चोरून बसावं लागे. मूळचा कापडी टप कधीच फाटून गेला. पत्र्याचा टप गेल्या वर्षी भंगारात मिळाला. त्याच गाडीचा, त्याच मापाचा, फक्त मागच्या काचेच्या जागी मोठं भोक. मी म्हटलं, काच काय, मिळेल कधीतरी. ही म्हणाली, "तोवर माझ्या कुंड्यांवर ठेवा, ऊन तरी लागणार नाही." वर्षभर त्याने कुंड्याच सांभाळल्या. गेल्या आठवड्यात मी तो उचलून गाडीवर चढवला, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

परवा आम्ही दोघं मेहुणीकडे निघालो होतो. मागच्या भोकातून वारा घुसतो, धूर घुसतो आणि आवाज असा की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटावं. वाटेत ही काहीतरी म्हणाली. मी "हो" म्हटलं. पुन्हा म्हणाली, मी "हो हो" म्हटलं. मी तिला कार्ब्युरेटरचं समजावत होतो, ते अर्धवट सोडणं बरं दिसलं नसतं. पेट्रोल पंपाजवळच्या सिग्नलला थांबलो, सिग्नल सुटला, निघालो. पुढच्या चौकात वळताना मान वळवली तर शेजारची सीट रिकामी. पिशवीसुद्धा नाही. म्हणजे बाई सिग्नललाच उतरून गेली होती आणि मी चौकापर्यंत मोकळ्या सीटला कार्ब्युरेटर शिकवत होतो.

मेहुणीचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. मी पोचलो तेव्हा मेहुणी दारातच उभी. "ताई पडलीय जरा, भावोजी. राहू दे तिला इथे." आता धुराने कुणाचंही डोकं उठेल. एकदा काच बसली की आवाज बंद, धूर बंद, मग हिला परत यायला काय हरकत आहे? घरात एकट्याला करमत नाही. वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

७ मार्च

काचवाल्याकडे गेलो. टपाच्या भोकाचा कागदावर काढलेला आकार त्याच्यापुढे पसरला. तो बराच वेळ कागदाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. "काका, गोलाईची काच आहे ही. ज्यांनी गाडी बनवली ते तरी आता बनवतात का?" मी म्हटलं, तेच नाहीत, तर काच कुठून बनवणार. त्याने जुन्या गाड्या तोडणाऱ्या एकाचा पत्ता दिला, वर म्हणाला, "मिळाली तर मलाही दाखवा." चेष्टा करत होता, पण चांगला माणूस आहे.

संध्याकाळी हिचा फोन. रक्तदाबाच्या गोळ्या आणि वाचायचा चष्मा शेजारच्या मास्तरांबरोबर पाठवा म्हणाली. मी काचेचं सांगितलं. "बरं," म्हणाली. आवाज थकलेला वाटला. अजून धूर उतरला नसावा.

११ मार्च

काच मिळाली! हे उद्गारचिन्ह मी मुद्दाम देतोय, एरवी देत नाही. गाड्या तोडणाऱ्याच्या आवारात एका पत्र्याच्या शेडमागे गवतात आडवी पडली होती, वर कोंबडी बसलेली. कोंबडी हाकलली, काच पुसली, एक ओरखडा नाही. एका कोपऱ्यात कुण्या जुन्या मालकाने चिकटवलेलं चित्र होतं, ते घरी आणून पाणी लावून लावून काढलं. रबरी पट्टी बाजारात नवी मिळाली. तिला दोन खाचा असतात. एका खाचेत काच बसते, दुसरीत टपाच्या भोकाची पत्र्याची कड. सोपं आहे.

काच पलंगावर हिच्या बाजूला ठेवली आहे. तिथे कुणाचा धक्का लागणार नाही.

१५ मार्च

हिला शिवणयंत्र हवं होतं. मेहुणीकडे बसून बसून कंटाळली असणार. यंत्र लाकडी टेबलासकट, आणि आपली गाडी दोन माणसांची. मी आणि मास्तरांनी उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं. शेवटी टेबलाचे पाय मागच्या भोकातून बाहेर काढले आणि बरोब्बर मावलं. काच बसवली असती तर नेताच आलं नसतं. मास्तर म्हणाले, "नशीब म्हणा." मीही म्हटलं, नशीब.

मेहुणीच्या फाटकावर एक लहान पाटी होती : शिवणवर्ग, दुपारी. पुठ्ठ्यावर हिच्याच अक्षरात. ओसरीवर दोन मुली कापड घेऊन बसलेल्या. ही त्यांना काहीतरी दाखवत होती आणि हसत होती. मला बघून उठली, यंत्र कुठे ठेवायचं ते सांगितलं, पाणी दिलं. मी काच मिळाल्याचं सांगितलं. कोंबडीचं सांगितल्यावर तीही हसली. मला वाटलं होतं, आता म्हणेल, कधी बसवताय. तसं काही म्हणाली नाही.

येताना गाडी रिकामी होती, तरी आवाज तेवढाच.

१८ मार्च

लेकीचा फोन. ती लांब असते, महिन्यातून एकदा येते, पण फोन रोज आईला करते, मला आठवड्याने. आज आडदिवशी मला केला.

"बाबा, आईशी बोललात?"

"रोज बोलतो. परवा यंत्र पोचवलं."

"यंत्र पोचवलंत तुम्ही?" मी हो म्हटलं. "बाबा, ते काचेचं जरा सोडा ना."

सोडा कसं? सगळं अडलंय कशावर? मी तिला दोरीची युक्ती समजावली. रबर आधी काचेला चढवायचं, बाहेरच्या खाचेत सगळीकडून एक दोरी घालायची आणि तिची दोन्ही टोकं आत सोडायची. मग एकाने बाहेरून काच तळहातांनी दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत न्यायची. दोरी जाते तसं रबर कड ओलांडून आत येतं. दोन माणसं लागतात, एकट्याने होत नाही.

"हो, बाबा," लेक म्हणाली. "एकट्याने होत नाही." आणि तिने फोन ठेवला. पोरीला यंत्रातलं काही कळत नाही, पण ऐकून घेते.

२२ मार्च

सकाळी हिला फोन केला की आज बसवतोय. टप गाडीवरून काढून पुढच्या खोलीत दोन बाकांवर ठेवलाय, वाकावं लागू नये म्हणून. ही म्हणाली, "आधी टप गाडीवर घट्ट करा ना, मग काच लावा. बाहीसुद्धा अंगावर धरून बघतात, मग शिवतात." मी "हो हो" म्हटलं. बाहीचा आणि काचेचा काय संबंध? शिवणवर्ग सुरू झाल्यापासून हिला सगळीकडे कपडेच दिसतात.

मास्तर आले. भूगोलाचा माणूस, कंबरेने अधू, पण हौस दांडगी. साबणाचं पाणी केलं, रबर ओलं केलं, दोरी घातली. मी बाकाखाली उताणा झोपून आतून ओढायला लागलो, मास्तर वरून दाबायला. दोनदा दोरी निसटली. मास्तरांनी मला नदीच्या वळणांचं उदाहरण दिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या खेपेला रबर सरसर आत आलं, कोपरे बसले, काच बसली.

अशी बसली की काय सांगू. मास्तरांनी बोटाने टकटक केलं. मी बाकाखालून वर पाहिलं तर काचेतून मास्तर दिसत होते आणि त्यांच्यामागे आमचं छत, जळमटांसकट. ही गेल्यापासून मी छताकडे बघितलंच नव्हतं. उद्या टप गाडीवर चढवतो आणि गाडी तशीच मेहुणीच्या दारात नेऊन उभी करतो.

२३ मार्च

फुटली.

टप चढवला. चार बोल्ट. मागचा उजवा आधी आवळला, मग मागचा डावा. डावा शेवटच्या वेढ्यावर होता आणि आवाजसुद्धा मोठा झाला नाही, नुसता पोतं फाटल्यासारखा, आणि सगळी काच साखरेच्या खड्यांसारखी सीटवर, मागच्या फळीवर, माझ्या मानेत.

बाकांवर टप मोकळा होता. गाडीवर आवळताना तो गाडीच्या अंगाप्रमाणे थोडासा पिळला जातो. पत्रा पिळला जातो, काच नाही. लिफ्टच्या दाराची काच मी जन्मभर चौकट घट्ट केल्यावरच बसवली. शिकाऊ माणसाने ही चूक केली असती तर त्याला दारातून हाकलला असता.

हिने बाहीचं सांगितलं होतं ते आत्ता आठवतंय.

खडे गोळा करायला झाडू सापडला नाही. घरात झाडू कुठे असतो ते मला माहीत नाही. शेवटी मास्तरांच्या घरून आणला.

५ एप्रिल

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलं नाही. गाड्या तोडणाऱ्याकडे दोनदा जाऊन आलो. दुसरी काच नाही, आणि तो म्हणतो, होणारही नाही. कोंबडी अजून आहे.

घराचा आवाज बदललाय. फ्रिज सुरू झाला की मला कळतं आणि बंद झाला की दचकायला होतं. आधी हा फ्रिज आवाज करतच नव्हता, किंवा करत असेल. दूध दोनदा उतू गेलं. मी गॅसवर ठेवतो आणि अंगणात जातो, कारण आजवर कुणीतरी ते उतरवत आलंय.

हिचा फोन आता एक दिवसाआड येतो. औषध घेतलं का, जेवलात का, एवढंच. मी विचारलं, तू कशी आहेस. आधी औषधाचंच पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "बरी आहे. खरंच बरी आहे हो." असं सांगत होती जणू मला वाईट वाटेल.

मला वाईट वाटलं. का ते कळलं नाही.

८ एप्रिल

काचवाल्याने तोड काढली. म्हणाला, काच सोडा, ॲक्रिलिक घ्या. दुकानांच्या पाट्या बनवणारा एक जण ते तापवून हवी तशी गोलाई देतो. गेलो. माणूस कामाचा आहे. माझ्या कागदावरून आकार घेतला आणि म्हणाला, कडेला थोडं लहरी दिसेल, मधून स्वच्छ.

तिथे भिंतीला टेकवून एक मोठी पाटी वाळत ठेवली होती. शिवणवर्ग, सकाळ व दुपार, खाली मेहुणीचा पत्ता. अक्षरं निळी, एकदम ठसठशीत. मी म्हटलं, ही आमच्याकडची. तो खूश झाला. "बाईंनी पक्की सांगितली. म्हणाल्या, दरवर्षी बदलायला लागू नये."

मी त्याला विचारलं, रंग किती टिकतो. म्हणाला, आमच्यामागेही राहील, काका.

घरी आलो, जेवलो नाही. दिवसभर स्वतःला समजावत होतो की विरंगुळ्यालाही माणूस चांगली पाटी लावू शकतो. लावू शकतो. पण सकाळ व दुपार असं लिहिल्यावर घरी परत यायला कोणती वेळ उरते?

१० एप्रिल

ॲक्रिलिक आलं. टप गाडीवर ठेवून चारही बोल्ट आडवे-तिरपे, थोडे थोडे करत आवळले. आता तो हलत नाही. रबर चढवलं. आता दुसरा माणूस हवा, आणि मास्तर कंबर धरून पलंगावर पडलेत. त्यांच्या बायकोने मला दारातूनच सांगितलं, "आता नदीची वळणं पुरे." बरोबर आहे त्यांचं.

हिला फोन केला. दोन माणसं लागतात, म्हटलं. म्हणाली, "रविवारी येते. तसंही माझं थोडं सामान घ्यायचं आहे."

येते म्हणाली. घर झाडून ठेवतो. झाडू स्वयंपाकघराच्या दारामागे असतो.

१२ एप्रिल, रविवार

सगळं नीट लिहायचं ठरवलं आहे.

ही अकराच्या सुमाराला बसने आली. आधी घरात गेली. मी अंगणात साबणाचं पाणी करत होतो. कपाटं उघडल्याचा, लावल्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा हातात एकच पिशवी. "कपाट आवरून ठेवलंय," म्हणाली. "वरचे दोन खण रिकामे केलेत, तुमचे कपडे खुर्चीवर पडतात ते तिथे ठेवा." कुंड्यांना पाणी घातलं. मग पदर खोचून म्हणाली, "दाखवा तुमचं डबडं."

दोरी मी घालत होतो, तिने माझ्या हातातून घेतली. पिशवीतून एक जाडी सुई काढली, दोरीला लावली आणि नाडी ओवावी तशी रबराच्या खाचेतून फिरवत आणली. मास्तर आणि मी मिळून अर्धा तास घालवला होता, तिचं काम साबणाचं गरम पाणी निवायच्या आत झालं.

मी आत सीटवर उलटा गुडघे टेकून बसलो. माझ्या वयाच्या माणसाने तसं बसू नये. ही बाहेर, दोन्ही तळहात ॲक्रिलिकवर. मी दोरी ओढायला लागलो. मी जिथे ओढायचो तिथे न सांगता तिचे हात यायचे. खालची कड, डावा कोपरा, वरून उजवीकडे. इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या माणसांनाच असं जमत असेल. मला त्या वेळी फार बरं वाटलं, आणि हे असंच चालू राहावं, दोरी संपूच नये, असंही वाटलं. दोरी संपली. रबर बसलं, आणि बाहेरचा आवाज एकदम तुटला.

ही पलीकडून काहीतरी बोलली. ओठ दिसले. पहिला शब्द "अहो" होता, तो मला ओठांवरूनही कळतो. पुढचं कळलं नाही. मी आतून अंगठा दाखवला. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग रुमाल काढून साबणाचा फेस पुसायला लागली.

मी म्हटलं, तुला गाडीने सोडतो. नको म्हणेल असं वाटलं होतं. "चला," म्हणाली.

गाडी निघाली आणि मला नवल वाटलं. धूर नाही, वारा नाही, काही नाही. तिच्या पिशवीत बटणांचा डबा होता, तो खड्डा आला की खुळखुळायचा, तेसुद्धा ऐकू येत होतं. कार्ब्युरेटरचं मी काही बोललो नाही. ती बोलेल म्हणून वाट बघत होतो. ती समोर बघत होती.

"मघाशी बाहेरून काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही नाही."

"आणि त्या दिवशी? सिग्नलच्या आधी?"

बटणं वाजत राहिली. "गाडी थांबवा म्हणत होते."

"एवढंच?"

"तीनदा म्हणाले."

पेट्रोल पंप समोर दिसायला लागला होता. मला पुष्कळ सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, की आता ऐकू येतं.

"हो," ती म्हणाली. "आता थांबवा."

मी थांबवली. सिग्नल लाल होता, पण नसता तरी थांबवली असती. तिने पिशवी मांडीवरून उचलली. मी विचारलं, "परत कधी येशील?" इतक्या दिवसांत मी हे तिला एकदाही विचारलं नव्हतं, हे विचारल्यावर लक्षात आलं.

"नाही येणार हो मी आता," ती म्हणाली. चिडून नाही. आजारी माणसाशी बोलावं तशी. "दूध ठेवलं की तिथेच उभे राहत जा."

उतरली आणि दार हळूच लावलं. दार आपटू नकोस, मी जन्मभर तिला सांगत आलो होतो.

आरशात मागची काच दिसते. मधोमध खरंच स्वच्छ आहे. ती फुटपाथवरून जाताना दिसली, मग काचेच्या लहरी कडेला आली, तिथे तिचा आकार हलला, आणि मग गल्लीत वळली. मागे पाहिलं नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तो मला उशिरा ऐकू आला. सिग्नल सुटला होता.

मी निघालो. रबराचं बोलायला लागलो. म्हटलं, खालच्या कडेला अजून थोडा चिकटा भरावा लागेल, नाहीतर पाणी झिरपेल. ॲक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, ओरखडे पडतात. तुझी ती सुई राहिली का माझ्याकडे, बघतो घरी गेल्यावर. शेजारच्या सीटवर कुणी नाही, हे या वेळी मला माहीत होतं. तरी चौकापर्यंत बोलत राहिलो.